साठच्या वेगाने वागातोरला

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्यांचे पोट लेथ आणि बोअरिंग मशीनवर चालते, त्यांना शनिवार-रविवार जोडून कुठे जाणे म्हणजे एक व्यवहारच करावा लागतो. माझ्या वर्कशॉपची सुट्टी सोमवारी असते. त्यामुळे जगाची सुट्टी ती माझ्या कामाची, आणि मी मोकळा असतो तेव्हा मित्र कामावर. तरीही २०२४ च्या नोव्हेंबरात शुक्रवार ते रविवार असे तीन दिवस शटर खाली ओढून आम्ही चौघे गोव्याला, वागातोरच्या मोटोव्हर्सला जाऊन आलो. रॉयल एनफिल्ड चालवणाऱ्यांचा हा वार्षिक मेळा. २०२२ पर्यंत त्याला रायडर मेनिया म्हणत, पुढच्या वर्षापासून नाव बदलले. आमच्या वेळी तो २२ ते २४ नोव्हेंबर असा भरला होता. बुधवारी २० तारखेला विधानसभेचे मतदान आणि शनिवारी २३ तारखेला मतमोजणी, अशा दोन दिवसांच्या मधोमध आम्ही कोल्हापूर सोडले, म्हणजे कोल्हापुरी माणसाला जे अजिबात शोभत नाही ते केले.

चौघांपैकी एक मास्तर. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात, आणि शिक्षक असल्यामुळे मतदानाची ड्युटी त्यांना चुकलेली नव्हती. बुधवारी रात्री उशिरा पेट्या जमा करून आलेला हा माणूस शुक्रवारी पहाटे क्लासिक ३५० घेऊन उभा राहतो की नाही, याची आम्हाला शंकाच होती. दुसरा आमचा फाउंड्रीतला मित्र. तो शिरोलीला कोअर शॉप, म्हणजे ओतकामासाठी वाळूचे गाभे करणारा विभाग सांभाळतो, त्याला सगळे ‘भट्टी’ म्हणतात आणि हे नाव आता त्याच्या घरीही चालते. त्याच्याकडे हिमालयन ४५०. तिसरा माझा भाचा, पुण्याला नोकरीला, मतदानासाठी म्हणून गावी आलेला आणि इंटरसेप्टर ६५० ही आपली गाडी मामाला दाखवण्याच्या तयारीत असलेला. चौथा मी. माझ्याकडे वडिलांची १९९४ ची बुलेट, बिडाच्या इंजिनची, उजव्या पायाला गिअर असलेली.

या बुलेटविषयी थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण पुढचा सगळा प्रवास तिच्या सिलिंडरने ठरवला. जुन्या ३५० चा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९०, म्हणजे पिस्टन रुंदीपेक्षा जास्त लांब पल्ला मारतो. तिचा तो संथ, एकेक ठोका मोजता येईल असा आवाज इथून येतो. वडिलांनी २००६ मध्ये तिचे पहिले रिबोअर केले होते, वीस थाऊचे, म्हणजे इंचाच्या वीस सहस्रांशाने, साधारण अर्ध्या मिलिमीटरने मोठे. २०२४ च्या दिवाळीच्या आधी ती धूर काढू लागली, म्हणून मी सिलिंडर उतरवला, मोजला, आणि चाळीस थाऊचा पिस्टन आणून स्वतःच्या मशीनवर बोअरिंग आणि होनिंग केले. बोअरिंग बार पहिल्या कापाला लागण्यापूर्वी मी टॉर्च मारून आतली भिंत पाहिली. होनिंगच्या दगडाने तिरप्या, एकमेकांना छेदणाऱ्या रेघा पडतात आणि त्या रेघांत तेल धरून राहते, म्हणून त्या मुद्दाम ठेवायच्या असतात. वरच्या भागातल्या रेघा पिस्टनच्या रिंगांनी घासून नाहीशा झाल्या होत्या, पण अगदी खाली, जिथे रिंग पोहोचत नाही तिथे वडिलांच्या हातच्या रेघा अठरा वर्षांनंतरही स्पष्ट होत्या. पाच मिनिटांत त्या माझ्या बारने काढून टाकल्या. काम म्हटले की हे आलेच.

नव्या बोअरची गाडी लगेच पळवता येत नाही. पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि सिलिंडर बिडाचा. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, म्हणून थंड असताना दोघांमध्ये काही थाऊंची फट ठेवलेली असते. रिंग आणि भिंत एकमेकांना बसेपर्यंत घर्षण जास्त असते, उष्णता जास्त असते, आणि त्या दिवसांत गाडी ताणली तर ती फट पुरत नाही व पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरात अडकून बसतो. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी बजावतो की पहिले ५०० किलोमीटर साठच्या वर जायचे नाही. निघण्याच्या दिवशी माझ्या गाडीचे १२० किलोमीटर झाले होते. वागातोर दोनशेच्या आसपास. याचा अर्थ जाताना संपूर्ण आणि येताना बऱ्याच अंतरापर्यंत आमचा वेग साठ, आणि तो नियम मीच घातलेला असल्यामुळे मला तो मोडता येत नव्हता.

भाच्याला हे कावळा नाक्यावर, चहाच्या दुसऱ्या कपाला कळले. सहाशे अठ्ठेचाळीस सीसीची दोन सिलिंडरची गाडी घेऊन साठने गोव्याला जायचे, ही कल्पना त्याला पचायला शाहू नाक्यापर्यंत वेळ लागला. मास्तर मात्र खूश होते. दोन रात्रींची झोप बाकी असलेल्या माणसाला हाच वेग योग्य, असे त्यांचे म्हणणे पडले.

साडेपाचला निघालो तेव्हा अंधार होता. गोकुळ शिरगाव ओलांडून कागलपर्यंत महामार्गाच्या सहापदरीकरणाची कामे चालू होती, मध्येच सेवा रस्त्यावर उतरायचे, पुन्हा वर चढायचे. गळीत हंगाम नुकताच सुरू झाला होता आणि उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर अंधारात चालले होते. ज्याने हा रस्ता या दिवसांत पहाटे केला आहे त्याला सांगायला नको की मोटारसायकलवाल्याचा खरा शत्रू वेगवान गाडी नसून दिवा नसलेली ट्रॉली आहे. ट्रॉलीच्या मागे बाहेर आलेली उसाची टोके हेडलाइटच्या प्रकाशात अचानक समोर येतात आणि तोवर अंतर दहा फुटांवर आलेले असते. साठच्या वेगाचा इथे उपयोग झाला, हे भाच्यानेही नंतर मान्य केले. अर्थात उजाडल्यावर, निपाणीच्या अलीकडे, एक रिकामा ट्रॅक्टर धडधडत आमच्या जवळून पुढे गेला तेव्हा तो शेजारी येऊन ओरडला, “मामा, ट्रॅक्टरनं ओव्हरटेक केलं की ओ आपल्याला!” मी ऐकू न आल्यासारखे केले. बुलेटवर ही एक सोय आहे.

निपाणीला महामार्ग सोडून उत्तूरमार्गे आजऱ्याचा रस्ता धरला आणि खऱ्या अर्थाने प्रवास सुरू झाला. सपाटी संपून जमीन हळूहळू वर चढते, उसाची शेते विरळ होतात, भाताची कापणी झालेली खाचरे दिसू लागतात. घनसाळ तांदळाचा हा मुलूख. आजऱ्याच्या घनसाळला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण त्याचा वास ज्याने लहानपणी पाहुण्यांच्या पंगतीत घेतला आहे त्याला मानांकनाची गरज नाही. आजऱ्यापासून संकेश्वर–बांदा महामार्ग लागतो. रुंदीकरणानंतर हा रस्ता इतका गुळगुळीत झाला आहे की जुन्या बुलेटचा खडखडाट रस्त्यामुळे नसून तिचा स्वतःचा आहे, हे लपवता येत नाही. आंबोलीला भजी आणि चहा झाला. हिरण्यकेशीचा उगम याच आंबोलीतला आणि आजऱ्याला जी नदी आपण पुलावरून पाहिली तीच ही, हे मास्तरांनी सांगितले. शाळेच्या सहलीत पन्नास पोरांना सांगावे त्या आवाजात सांगितले, त्यामुळे शेजारच्या टेबलावरचे लोकही ऐकत होते.

घाट उतरताना मी इंजिनवर ब्रेक घेत, तिसऱ्या गिअरमध्ये, ठोके मोजत उतरलो. धबधब्याची पावसाळ्यातली गर्दी नव्हती, पाण्याची एक बारीक धार तेवढी शिल्लक होती. सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी, कोलवाळचा पूल, म्हापसा. कोकणात उतरल्यावर दमट उकाड्यात जॅकेटची शिक्षा झाली, याखेरीज सांगण्यासारखे काही नाही. म्हापशाजवळ जी खोली फोनवरून ठरवली होती तिचे भाडे आम्ही पोहोचेपर्यंत दीडपट झाले होते. मेळ्याच्या दिवसांत हे चालायचेच, असे मालकाने शांतपणे सांगितले आणि आम्हीही दमलेलो असल्यामुळे तितक्याच शांतपणे पैसे दिले. त्याचा राग मात्र मला तिन्ही दिवस पुरला.

वागातोरचे पठार जांभ्याचे आहे. हजारो गाड्या त्यावर फिरल्या की लाल धूळ उठते ती संध्याकाळपर्यंत बसत नाही. मनगटावर प्रवेशाचा पट्टा बांधून आत गेल्यापासून तासाभरात आमचे चौघांचे बूट एकाच रंगाचे झाले. आत एका बाजूला मातीचा ट्रॅक, दुसरीकडे गाण्यांचे मंच, कपड्यांची आणि हेल्मेटांची दुकाने, आणि सगळीकडे माणसे. केरळ, पंजाब, ईशान्य भारत, जिथे पाहावे तिथली पासिंगची पाटी. तामिळनाडूची पाटी पाहून मला विशेष वाटले, कारण ही गाडी मुळात इंग्लंडातल्या रेडिच गावची. पन्नाशीच्या दशकात भारतीय लष्कराने ती मागवली, त्यातून १९५५ मध्ये मद्रासला कारखान्याची उभारणी सुरू झाली, पुढे इंग्लंडातला मूळ कारखाना बंद पडला आणि गाडी मद्रासचीच होऊन गेली. तिथले लोक तिला आपल्या गावची मानत असतील तर त्यांचे काही चुकत नाही.

माझा आणि भट्टीचा बहुतेक वेळ एका जागी गेला, आणि ती जागा कोणत्याही मंचाजवळ नव्हती. उभ्या केलेल्या गाड्यांच्या रांगांमधून आम्ही वाकून फिरत होतो. भाच्याला आमची लाज वाटली असावी, कारण थोड्याच वेळात तो दिसेनासा झाला. पण जुन्या बिडाच्या बुलेटपासून आजच्या गाडीपर्यंत सत्तर वर्षांची कास्टिंग एका मैदानात शेजारी शेजारी मांडलेली पाहायला मिळणे ही फाउंड्रीवाल्या माणसाला पर्वणी आहे. कोल्हापुरात तीनशेच्या आसपास फाउंड्र्या आहेत. ट्रॅक्टरचे, ट्रकचे, पंपाचे, इंजिनचे भाग शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथून देशभर जातात. त्याआधी उद्यमनगरातून शेतीची ऑइल इंजिने जात होती. आमच्या गावातल्या माणसाला गाडी दिसते ती आधी ओतीव म्हणून दिसते, रंग नंतर.

जुन्या सिलिंडरच्या बाहेरचे पंखे घ्या. त्यांना आपण सरसकट फिन म्हणतो. हवेला जास्तीत जास्त पृष्ठभाग मिळावा म्हणून ते पातळ आणि खोल हवेत. पण पातळ फिनमध्ये ओतलेला धातूचा रस टोकापर्यंत पोहोचण्याआधीच गार झाला तर टोक अपुरे राहते, ज्याला मिसरन म्हणतात, आणि दोन्हीकडून आलेला रस नीट एकजीव झाला नाही तर कोल्ड शट येतो. म्हणून बिडाच्या सिलिंडरचे फिन एका मर्यादेपेक्षा पातळ करता येत नाहीत. भट्टीने एका जुन्या गाडीच्या फिनवरून बोट फिरवून पार्टिंग लाइन दाखवली, साच्याचे दोन भाग जिथे मिळतात ती रेघ, आणि एका ठिकाणी दोन्ही भाग केसभर सरकलेले होते तेही दाखवले. “कुठल्यातरी शनिवारी संध्याकाळचा साचा आहे ह्यो,” तो म्हणाला. गाडीचा मालक शेजारीच उभा होता. त्याला मराठी येत नव्हते, हे बरे झाले.

मग आम्ही त्याच्याच हिमालयनपाशी आलो. तिचे ४५२ सीसीचे इंजिन पाण्याने थंड होते, त्यामुळे बाहेरच्या फिनचे काम संपले. पण भट्टीच्या दृष्टीने काम संपले नाही, ते आत गेले. सिलिंडरभोवती पाणी खेळवायचे तर ओतीवाच्या पोटात पोकळी हवी आणि पोकळीसाठी वाळूचा कोअर हवा. तो कोअर पातळ असतो, वाकडातिकडा असतो, रस ओतताना त्याने हलायचे नाही, त्यातला वायू बाहेर पडायला वाट हवी, नाहीतर आत छिद्रे राहतात, आणि नंतर हीच सगळी वाळू एक कणही मागे न ठेवता बाहेर काढायची असते. म्हणजे फिनची अडचण डोळ्यांना दिसत होती, कोअरची दिसत नाही, एवढाच फरक. हे तो जवळजवळ वीस मिनिटे सांगत होता आणि मला खरोखर कंटाळा आला नाही. आमच्या मागे मातीच्या ट्रॅकवर लोक गाड्या आडव्या घालून वळणे घेत होते, टाळ्या पडत होत्या. त्यातले आम्ही थोडेसेच पाहिले.

नव्या ३५० चे इंजिन मला जवळून पाहायचे होते. २०२० पासून आलेल्या या पिढीचा बोअर ७२ आणि स्ट्रोक ८५.८, म्हणजे जुन्या ७० गुणिले ९० च्या मानाने पिस्टन थोडा रुंद आणि पल्ला थोडा आखूड. सीसी जवळजवळ तीच. आवाज मुद्दाम जुन्याच्या जवळ ठेवला आहे, आणि ती लबाडी मला आवडते, कारण ती नीट केलेली आहे. मास्तरांच्या गाडीला हात लावून पाहिले तर थरथर जवळजवळ नाही. माझ्या बुलेटच्या आरशात मागचा रस्ता पन्नासच्या पुढे गेल्यावर कधी दिसलेला नाही.

शनिवारी गोअन क्लासिक ३५० ही नवी गाडी आली. गोव्यातले लोक जुन्या बुलेटी कापूनकुपून, मागचे सीट काढून, हँडल उंच करून ज्या पद्धतीने वापरतात, त्यावरून कंपनीने ती बेतली आहे: उंच हँडल, पांढऱ्या पट्ट्याचे टायर, चालवणाऱ्यापुरते अधांतरी वाटणारे सीट, तेव्हाची किंमत एक्स-शोरूम २ लाख ३५ हजारांपासून पुढे होती. गर्दी अशी होती की गाडीऐवजी वर धरलेल्या फोनच्या पडद्यांवर तिचे चित्र पाहावे लागत होते. आणि माझ्या पुढच्या फोनवर गाडीचे चित्र नव्हतेच. तो मास्तरांचा फोन होता आणि त्यावर मतमोजणीची बाराव्या की तेराव्या फेरीची आकडेवारी उघडत होती, अर्धवट उघडत होती, कारण एवढ्या माणसांत रेंज पुरत नव्हती. जिल्ह्यातले दहाही मतदारसंघ त्यांना तोंडपाठ. जवळच सांगलीची दोन पोरे उभी होती, त्यांनी मान वळवली. पाठोपाठ साताऱ्याचा एक गृहस्थ आला. आणि नव्या मोटारसायकलच्या अनावरणाच्या मैदानात पाच-सहा माणसांचा एक गोल तयार झाला ज्याचे मोटारसायकलकडे लक्ष नव्हते. भाचा हताश होऊन म्हणाला, “हेच करायचं हुतं तर बिंदू चौकात थांबला असता की मास्तर.”

सजवलेल्या, बदललेल्या गाड्यांबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते तिथे कुणाला पटले नाही. काही गाड्यांवरचे काम थक्क करणारे होते. हाताने ठोकून घडवलेली पेट्रोलची टाकी, जिच्यावर रंगाखाली पुट्टी नाही हे बोटांना कळते, ती मी दोनदा परत जाऊन पाहिली. पण जिथे केवळ आवाज वाढवण्यासाठी सायलेन्सर पोकळ केलेला होता, तिथे मला त्या गाडीत काही विशेष दिसत नाही. सायलेन्सर पोकळ करायला हातोडी पुरते. उलट गाडी शांत करायला मोजमाप लागते. हे मी म्हटले तेव्हा एका गाडीवाल्याने माझ्याकडे, मी चुकीच्या मेळ्याला आलो आहे अशा नजरेने पाहिले.

रविवारी सकाळी निघालो. पेडण्याला टाक्या भरून घेतल्या, कारण पत्रादेवी ओलांडली की पेट्रोल महाग होते आणि कोल्हापूरचा माणूस गोव्याहून पूर्ण टाकी न घेता आला असे सहसा घडत नाही. सावंतवाडीला माशाचे जेवण झाले, भाच्याने आईसाठी लाकडी फळांची परडी घेतली, आणि दाणोली सोडून घाट चढायला लागल्यावर माझी बुलेट दम धरेना.

आधी वाटले, चढ आहे. मग तिसरा गिअर ओढेना म्हणून दुसरा टाकला. दुसऱ्यातही ठोका जड पडू लागला, मध्येच एक ठोका चुकायचा आणि सायलेन्सरमधून फट्‌ असा आवाज यायचा. मी हात खाली नेला तर सिलिंडरची धग नेहमीपेक्षा फार जास्त होती. अशा वेळी मनात जो पहिला संशय येतो तो माझ्या मनात आला: फट कमी पडली, पिस्टन धरतो आहे, माझे होनिंग चुकले. इतर कुणाचे काम असते तर मी लगेच शिव्या घातल्या असत्या. वळणावर जागा पाहून गाडी बाजूला घेतली, बंद केली, आणि दहा मिनिटे कुणाशी बोललो नाही. भट्टी माझ्या शेजारी कठड्यावर बसला. तोही काही बोलला नाही, कारण कामातली चूक काय असते हे त्याला माहीत आहे. अख्खा लॉट परत आलेला त्याने पाहिलेला आहे.

गार झाल्यावर किक हाताने दाबून पाहिली. पिस्टन मोकळा होता. अडखळत नव्हता, ओरखडा लागल्याचा कर्र आवाज नव्हता, कॉम्प्रेशन तर भरपूर. मग डोके चालू लागले. गाडी तापते, ताकद जाते, मागे फुटते, ही लक्षणे ठिणगी उशिरा पडण्याचीही आहेत. डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढले आणि कारण समोरच होते. इंजिन उघडलेच आहे तर म्हणून मी ठिणगीची वेळ ठरवणारे कॉन्टॅक्ट पॉइंटही नवे बसवले होते, पण ते उघडणाऱ्या कॅमवर ग्रीसचे बोट लावायला विसरलो होतो. पॉइंटची फायबरची टाच कोरड्या कॅमवर घासून झिजली, टाच झिजली की पॉइंटची फट कमी होते, फट कमी झाली की ठिणगी मागे सरकते. होनिंग निर्दोष होते. विसरलो होतो ते शिकाऊ पोरालाही पहिल्या आठवड्यात सांगितले जाणारे काम.

आता फट पुन्हा लावायची तर फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा संच हवा. पस्तीस ते चाळीस शतांश मिलिमीटर फट डोळ्याने लावता येत नाही, निदान मला लावता येत नाही, आणि ज्याच्या वर्कशॉपात फिलर गेजचे चार संच आहेत त्या माणसाच्या हत्यारांच्या पिशवीत त्या दिवशी एकही नव्हता. भाच्याने गाडीच्या सीटखालचे हत्यार काढून दाखवले, त्यात ते असण्याचे कारणच नव्हते. मग माझी नजर मास्तरांच्या खिशाकडे गेली. त्यांच्या शर्टच्या खिशात पेनाबरोबर कागदांची एक घडी कायम असते.

“मास्तर, साधा कागद आहे काय, झेरॉक्सचा असतो तसला?”

त्यांनी घडी उलगडली. शाळेचे एक परिपत्रक होते, ते द्यायला ते तयार नव्हते. खाली त्यांच्या स्वतःच्या नावाची मतदार चिठ्ठी निघाली, बुधवारपासून खिशातच राहिलेली. “घ्या,” ते म्हणाले, “निकाल लागला, आता हिचा काय उपयोग.”

झेरॉक्सचा साधा कागद साधारण एक दशांश मिलिमीटर जाड असतो. छापखान्यात आणि वर्कशॉपात काम केलेल्याला हे बोटांनी माहीत असते. चिठ्ठीच्या दोन घड्या घातल्या की चार थर, म्हणजे चाळीस शतांश. घडीच्या कडेला कागद फुगतो म्हणून ती नखाने दाबून, मधला भाग कापून घेतला. गाडी चौथ्या गिअरमध्ये घालून भाच्याने ती हळूहळू पुढे ढकलली, पॉइंट पूर्ण उघडले तिथे थांबवली, मी स्क्रू ढिला करून चिठ्ठी आत सरकवली, हलकीशी अडेल इतकी फट ठेवून स्क्रू आवळला. डिपस्टिकवरचे तेल बोटाला घेऊन कॅमला लावले. ग्रीस नसले तर तेवढे तरी. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली आणि ठोका जागेवर आला. मास्तरांनी चिठ्ठीचा उरलेला तुकडा मागून घेतला. त्यावर यादी भागाचा क्रमांक होता म्हणे.

आंबोलीत पुन्हा चहा झाला. आजऱ्याच्या पुढे कुठेतरी माझ्या गाडीचे ५०० किलोमीटर पूर्ण झाले. मी हात वर करून भाच्याला खूण केली, आणि तो इतक्या वेगाने दिसेनासा झाला की मला त्याच्या मागच्या दिव्याचाही रंग धड दिसला नाही. निपाणीच्या अलीकडे एका टपरीवर तो आमची वाट पाहत बसला होता. दुसरा चहा संपवून. कोल्हापुरात शिरलो तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते आणि शाहू नाक्यापासून रस्त्याच्या दोन्ही कडांना आदल्या दिवशीचा गुलाल होता. आमच्या बुटांवरची वागातोरची धूळ त्याच्यात सहज खपून गेली.

सोमवारी सुट्टी. जेवण झाल्यावर मी वर्कशॉपचे शटर अर्धे उघडून आत गेलो, बुलेटचे झाकण काढले आणि फिलर गेज लावून पाहिला. चाळीसची पट्टी गेली, पंचेचाळीसची गेली नाही. कॅमला ग्रीस लावले, झाकण बसवले, आणि गेजचा एक संच हत्यारांच्या पिशवीत टाकला.